वनस्पती-तेलांपासून केलेले, प्रकाशाने घट्ट होणारे संरक्षक लेप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकडी वस्तूंचे छोटे कारखानदार, पत्र्यावर छपाई व लेपन करणारे व्यावसायिक आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. ज्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जवसाचे तेल हवेतही सुकतेच. मग प्रकाशाने घट्ट होणारा तेलाचा लेप त्याहून वेगळा कसा?

जवसाचे तेल सुकते ते द्रावक उडून गेल्यामुळे नव्हे. तेलाच्या रेणूंतील दुहेरी बंधांजवळ हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि त्यातून रेणू एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. ही क्रिया संथ असते. धातूंचे ड्रायर (सुकणे वेगवान करणारे क्षार) घातलेल्या डबल-बॉइल्ड तेलाच्या पातळ थरालाही एक-दोन दिवस लागतात, आणि थर सुकल्यावरही क्रिया पूर्ण थांबत नसल्यामुळे तो वर्षानुवर्षे पिवळा व ठिसूळ होत जातो. (अशा तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग याच क्रियेच्या उष्णतेने आपोआप पेटू शकतो, म्हणून त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात.)

प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपात तेलाच्या रेणूवर आधीच क्रियाशील गट बसवलेले असतात आणि सोबत थोडा फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाशाने अभिक्रिया सुरू करणारा पदार्थ, मिसळलेला असतो. अतिनील किंवा जांभळा प्रकाश पडताच तो फुटतो, साखळी अभिक्रिया सुरू होते आणि काही सेकंदांत द्रवाचा घन थर बनतो. उडून जाणारा द्रावक जवळजवळ नसतो, भट्टी लागत नाही, आणि उष्णता न सोसणारे लाकूड, कागद किंवा प्लास्टिक यांवरही काम करता येते.

२. कोणते तेल घ्यावे? खोबरेल किंवा करंजाचे तेल चालेल का?

तेलाच्या रेणूत बदल करण्याजोग्या जागा किती आहेत, यावर हे ठरते, आणि त्या जागा म्हणजे मुख्यतः दुहेरी बंध. सोयाबीन तेलाच्या एका रेणूत सरासरी ४.६ दुहेरी बंध असतात, जवसाच्या तेलात सुमारे ६.६. आयोडीन मूल्यातही (दुहेरी बंध किती आहेत ते दाखवणाऱ्या मापातही) हा फरक दिसतो : जवस १७० ते २००, सोयाबीन १२० ते १४०, आणि खोबरेल जेमतेम ७ ते १०. खोबरेलात धरायला जागाच नसल्यामुळे ते या कामासाठी उपयोगाचे नाही. करंजाच्या तेलाचे आयोडीन मूल्य मध्यम असते, परंतु त्याचा गडद रंग आणि करंजिनसारखे घटक नेमका आपल्याला हवा तो प्रकाश शोषून घेतात. शुद्ध न करता ते वापरू नये.

एरंडेलाचे गणित निराळे आहे. त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते आणि त्याच्या प्रत्येक साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट निसर्गतःच असतो. त्या गटावर थेट रसायन करता येत असल्याने युरेथेन-अ‍ॅक्रिलेट (आयसोसायनेटने जोडलेली, प्रकाशाने घट्ट होणारी राळ) बनवण्यासाठी एरंडेल फार सोयीचे ठरते.

महाराष्ट्रात सोयाबीन मुबलक आहे आणि विदर्भात जवसाची परंपरा जुनी आहे. माझा कल असा, की सुरुवात सोयाबीनपासून करावी, कारण त्याचे बदललेले रूप बाजारात तयार मिळते, आणि अधिक कठीण थर हवा असेल तेव्हा जवसाकडे वळावे.

३. तेलात फोटोइनिशिएटर मिसळून दिव्याखाली धरले, पण काहीच झाले नाही. का?

तेलातील नैसर्गिक दुहेरी बंध साखळीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी वेढलेले असतात आणि प्रकाशाने सुरू झालेल्या अभिक्रियेत फारच आळशीपणे भाग घेतात. म्हणून आधी दोन पायऱ्या पार कराव्या लागतात. पहिली इपॉक्सिडीकरणाची : हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या साहाय्याने, साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसला, दुहेरी बंधांच्या जागी तीन अणूंची इपॉक्सी वलये आणली जातात. चांगल्या इपॉक्सिडीकृत सोयाबीन तेलात ऑक्सिरेन ऑक्सिजन (इपॉक्सी वलयांतला ऑक्सिजन) ६.५ ते ७ टक्के असतो, जवसाच्या तेलात सुमारे ९ टक्के. दुसऱ्या पायरीत अ‍ॅक्रिलिक आम्लाने ही वलये उघडून तेथे अ‍ॅक्रिलेट गट बसवतात.

पहिल्या पायरीतून मोठी उष्णता बाहेर पडते आणि ती आवरली नाही तर अभिक्रिया हाताबाहेर जाते. हे काम घरगुती भांड्यात करू नये. इपॉक्सिडीकृत तेल पीव्हीसी उद्योगासाठी मोठ्या प्रमाणावर बनते. तेथून शुद्ध माल विकत घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

४. अ‍ॅक्रिलेटचा मार्ग घ्यावा की थेट इपॉक्सीचा?

अ‍ॅक्रिलेट मुक्त मूलकांच्या (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या, अतिक्रियाशील तुकड्यांच्या) मार्गाने घट्ट होतो. तो वेगवान असतो आणि त्याच्यासाठी कच्च्या मालाची निवड मोठी असते, परंतु हवेतला ऑक्सिजन त्याला अडवतो (प्रश्न ६ पाहावा) आणि दिवा बंद होताच क्रिया जवळजवळ थांबते. इपॉक्सी धनायनी मार्गाने, म्हणजे धनभार असलेल्या टोकांतून, घट्ट होते. तिला ऑक्सिजनची बाधा नाही, थर कमी आकसतो, त्यामुळे चिकटाई सहसा चांगली राहते, आणि दिवा बंद झाल्यावरही अंधारात क्रिया तासन्‌तास चालू राहते. मात्र ओलावा आणि अल्कधर्मी पदार्थ तिचे शत्रू आहेत (प्रश्न ८).

धनायनी मार्ग शक्य झाला तो जेम्स क्रिव्हेलो यांनी १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित केलेल्या आयोडोनियम व सल्फोनियम क्षारांमुळे, आणि १९९२ साली त्यांनीच नारायण यांच्यासह इपॉक्सिडीकृत तेले या क्षारांनी प्रकाशात घट्ट करता येतात हे सविस्तर मांडले. तेलातील इपॉक्सी वलये साखळीच्या मध्यावर असल्याने सायक्लोअ‍ॅलिफॅटिक इपॉक्सीपेक्षा मंद असतात. म्हणून व्यवहारात दोन्हींचे मिश्रण करतात.

पातळ, पारदर्शक, लाकडावरचा लेप असेल तर मी अ‍ॅक्रिलेट सुचवतो. धातूवर लवचीक व कमी आकसणारा थर हवा असेल आणि हवामान आवरता येत असेल, तर इपॉक्सी.

५. लेप घट्ट झाला, तरी नखाने ओरखडा उठतो. कठीण कसा करावा?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. दोन अगदी वेगळ्या दोषांचे लक्षण एकच असते.

पहिली शक्यता अपुऱ्या क्युअरिंगची, म्हणजे प्रकाशाने घट्ट होण्याची क्रिया अर्धवट राहण्याची. अ‍ॅक्रिलेट गटांपैकी किती प्रत्यक्षात जोडले गेले, हे अवरक्त वर्णपटात ८१० किंवा १६३६ प्रति सेंटिमीटरजवळील पट्टा किती घटला यावरून मोजता येते. ते यंत्र हाताशी नसेल तर मिथाइल इथाइल किटोन या द्रावकात भिजवलेल्या कापडाने पुढे-मागे घासून पाहावे. शंभर दुहेरी घासण्यांपूर्वी थर मऊ पडला किंवा उघडा झाला, तर दोष तेलाचा नसून क्युअरिंगचा मानावा आणि प्रश्न ६ व ७ कडे जावे. माझ्याकडे ‘तेल मऊ आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नमुन्यांपैकी पुष्कळसे या पहिल्याच परीक्षेत अडकतात, आणि म्हणूनच मोजमाप केल्याशिवाय पाककृती बदलू नये असा माझा आग्रह असतो.

दुसरी शक्यता म्हणजे क्युअरिंग पूर्ण असूनही जाळेच सैल असणे. मेदाम्लाची साखळी अठरा कार्बनांची, लवचीक असते. तिच्यावर मध्येच जोड होतो आणि उरलेले टोक जाळ्यात मोकळे लोंबत राहते. ही मोकळी टोके वंगणासारखी काम करतात, त्यामुळे थराचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली तो काचेसारखा कडक वागतो ते तापमान, खोलीच्या तापमानाच्या आसपासच राहते. उपाय तीन दिशांनी होतात.

ताठ रेणू मिसळणे हा पहिला. पाइनच्या टर्पिनांपासून मिळणारा आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट, स्टार्चपासून सॉर्बिटॉलमार्गे येणाऱ्या आयसोसॉर्बाइडचे मेथाक्रिलेट, ‘अ‍ॅस्परजिलस टेरियस’ बुरशीच्या किण्वनातून मिळणाऱ्या इटाकॉनिक आम्लाचे एस्टर आणि रोझिनचे व्युत्पन्न, हे सर्व ताठ असून जैव मूळ असलेले आहेत. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, असे नव्हे. आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेटला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२० साली ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले होते, कारण त्वचेवर चिकटवण्याच्या वैद्यकीय उपकरणांतून त्याची अ‍ॅलर्जी अनेकांना झाली होती.

दुसरी दिशा जोडांची संख्या वाढवण्याची. सोयाबीनऐवजी जवस घेणे हा तिचा साधा प्रकार आहे. याहून मोठी उडी अमेरिकेतील नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत डीन वेबस्टर यांच्या गटाने घेतली. तेलाच्या रेणूत तीन मेदाम्ले धरून ठेवणाऱ्या ग्लिसरिनच्या तीन हातांऐवजी त्यांनी साखरेच्या रेणूचे आठ हात वापरले, त्यांवर सोयाबीनची मेदाम्ले बसवली आणि मग इपॉक्सिडीकरण केले. अशा एका रेणूवर सुमारे बारा इपॉक्सी गट येतात आणि मधला साखरेचा गाभा ताठ असतो. तेलाचे दोन्ही दुबळेपण एकाच वेळी दूर करणारी ही कल्पना मला या क्षेत्रातील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

तिसरी दिशा सूक्ष्म भरणद्रव्याची. मेथाक्रिल-सिलेनने लेपलेली नॅनो-सिलिका काही टक्के घातली तर ओरखड्यांचा प्रतिकार वाढतो आणि पारदर्शकताही टिकते. सिलेन नसलेली सिलिका गोळा होते, मिश्रण दाट करते आणि थर धुरकट दिसतो.

कठीणपणा वाढवताना वाकवण्याची परीक्षाही त्याच दिवशी घ्यावी. पेन्सिल परीक्षेत (वाढत्या कठीणपणाच्या पेन्सिलींनी ओरखडून पाहण्यात) दोन पायऱ्या वर गेलेला, पण दांड्यावर वाकवताच तडकणारा थर संरक्षक म्हणता येत नाही.

६. आतून थर घट्ट आहे, पण वरचा भाग हाताला चिकटतो. असे का?

ऑक्सिजनमुळे. वाढत्या साखळीच्या टोकाशी ऑक्सिजनची गाठ अ‍ॅक्रिलेटपेक्षा सुमारे लाखपट वेगाने पडते आणि तयार होणारे पेरॉक्सी मूलक साखळी पुढे नेत नाही. थराच्या आतला ऑक्सिजन लवकर संपतो, पण पृष्ठभागावर तो हवेतून सतत येत राहतो. त्यामुळे आत कडक आणि वर चिकट अशी अवस्था होते.

सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे दिव्याखाली नायट्रोजनचे आवरण देणे. ते परवडत नसेल तर थरावर पारदर्शक पॉलिस्टर फिल्म अंथरून क्युअर करावे आणि नंतर ती सोलून काढावी. सपाट वस्तूंसाठी ही साधी युक्ती अतिशय चांगली चालते. रासायनिक उपायांत अमाइन (नायट्रोजनयुक्त अल्कधर्मी संयुगे) आणि थायॉल (गंधकयुक्त संयुगे) येतात. दोन्ही निष्क्रिय पेरॉक्सी मूलकाला हायड्रोजन देऊन साखळी पुन्हा सुरू करतात. अमाइनने पुढे पिवळेपणा येतो, थायॉलला वास असतो आणि मिश्रणाचे साठवण-आयुष्य घटते, तरीही थोड्या थायॉलने पृष्ठभागात जो फरक पडतो तो पाहता मी थायॉलची बाजू घेतो.

येथे प्रकाशाच्या मात्रेविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. ५०० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रता २ सेकंद आणि ५० मिलिवॉट २० सेकंद, या दोन्हींची मात्रा १००० मिलिज्यूल इतकीच होते, पण थर सारखा होत नाही. वीस सेकंदांत हवेतला ऑक्सिजन आत झिरपायला भरपूर वेळ मिळतो. पृष्ठभाग चिकट राहत असेल तर वेळ वाढवण्यापेक्षा तीव्रता वाढवणे बहुधा अधिक फळते.

७. पाऱ्याच्या दिव्याऐवजी एलईडी घेतला आणि तोच लेप बिघडला. दोष दिव्याचा की लेपाचा?

जोडीचा. पाऱ्याचा दिवा २५४, ३१३, ३६५, ४०५ अशा अनेक तरंगलांबींवर प्रकाश देतो. एलईडी ३६५, ३८५, ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटर यांपैकी एकाच अरुंद पट्ट्यात देतो. पाऱ्याच्या दिव्यासाठी निवडलेले ११७३ किंवा १८४ या क्रमांकांनी ओळखले जाणारे इनिशिएटर ३९५ ला जवळजवळ काहीच शोषत नाहीत. तेथे फॉस्फिन ऑक्साइड वर्गातील इनिशिएटर लागतात. शिवाय २५४ चा लघुतरंगी प्रकाश वरच्या थरातच शोषला जाऊन पृष्ठभाग पक्का करत असे. एलईडीत तो नसल्यामुळे प्रश्न ६ मधील अडचण अधिक जाणवते.

फॉस्फिन ऑक्साइड निवडताना हेही ध्यानात ठेवावे, की त्यांतील टीपीओ हा पदार्थ युरोपीय संघाने प्रजननास घातक मानला असून १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यास बंदी केली आहे. औद्योगिक लेपांसाठीचा नियम वेगळा असला तरी नवी पाककृती बांधताना पर्यायी इनिशिएटर घेणे दूरदृष्टीचे ठरेल.

८. उन्हाळ्यात उत्तम चाललेला इपॉक्सी लेप पावसाळ्यात ओलाच राहतो. काय करावे?

धनायनी क्रियेत साखळीच्या टोकावर धनभार असतो आणि पाण्याचा रेणू त्या टोकाला पकडून साखळी तोडतो. थोडे पाणी केवळ साखळ्या आखूड करते, पण कोकणातल्या जुलैसारखी हवा असेल, जेथे आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते, तर क्रिया अडखळते. लेपनाची जागा बंद करून आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणावी, वस्तू आधी वाळवावी, आणि क्युअरनंतर ५०-६० अंशांना थोडा वेळ ठेवावी. उष्णतेने अंधारातली उरलेली क्रिया पुढे सरकते.

आर्द्रता आवरूनही लेप बसत नसेल तर अल्कधर्मी पदार्थ शोधावा. स्वस्त भरणद्रव्य म्हणून घातलेले कॅल्शियम कार्बोनेट दिव्याने तयार झालेले आम्ल निमूटपणे पिऊन टाकते. माझा स्वतःचा एक आठवडा या एका भरणद्रव्यापायी गेला, आणि त्या सर्व काळात मी दिव्याची तपासणी करत होतो. काँक्रीट, जस्ताचा थर दिलेला पत्रा आणि अमाइन असलेला प्रायमर हेही याच यादीत येतात.

९. मिश्रण मधासारखे घट्ट आहे. थिनर घालू का?

घालू नये. अ‍ॅक्रिलेट केलेल्या सोयाबीन तेलात वलये उघडताना हायड्रॉक्सिल गट तयार होतात आणि ते एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते इतके दाट असते. थिनर घातला तर तो उडण्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि थोडाही आत अडकला तर थर मऊ पडतो. त्याऐवजी जाळ्याचाच भाग होणारा क्रियाशील पातळकारक वापरावा. ४०-५० अंशांपर्यंत गरम करूनही दाटपणा लक्षणीय घटतो. मात्र गरम मिश्रण उघड्या प्रकाशात ठेवू नये.

१०. काजूच्या टरफलाचे तेल कोकणात व गोव्यात भरपूर मिळते. ते वापरता येईल का?

येईल, पण ते नावापुरतेच तेल आहे. त्यात ग्लिसराइड नसून पंधरा कार्बनांची शेपटी असलेले फिनॉल असतात, आणि ऊर्ध्वपातनानंतर मिळणारा कार्डनॉल हा त्यांतला मुख्य उपयोगी घटक आहे. त्याचे सुगंधी (म्हणजे बेंझिनसारखे) वलय ताठ असल्यामुळे प्रश्न ५ मधील मऊपणाची अडचण कमी होते आणि पाण्याचा प्रतिकारही सुधारतो.

अडचण अशी, की मोकळा फिनॉल मुक्त मूलकांना गिळतो. अ‍ॅक्रिलेट साठवणीत घट्ट होऊ नये म्हणून जे घालतात त्याच जातीचा तो पदार्थ आहे. त्यामुळे कच्चा कार्डनॉल अ‍ॅक्रिलेट लेपात मिसळला तर क्युअरिंग मंदावते. फिनॉलचा हायड्रॉक्सिल आधी ग्लिसिडिल इथर करून झाकावा आणि मग त्यावर अ‍ॅक्रिलेट बसवावा. रंग तांबूस राहतो, म्हणून प्रायमर किंवा गडद लेप हेच त्याचे योग्य स्थान. कच्च्या टरफलाच्या तेलाने त्वचा भाजते हे काजू कारखान्यांतील कामगार जाणतातच.

११. पत्र्यावर लावलेला लेप पापुद्र्यासारखा सुटतो. गंजापासून तो खरोखर वाचवतो का?

सुटण्याची कारणे सहसा दोन असतात : पृष्ठभागावरचे तेलकट अवशेष आणि थर आकसल्यामुळे आलेला ताण. तेलाचे रेणू मोठे असल्याने त्यांचे आकसणे लहान अ‍ॅक्रिलेटपेक्षा कमी असते. ताण वाढवणारा असतो तो बहुधा जास्त झालेला पातळकारक. पत्रा नीट धुऊन, बारीक घासून घ्यावा आणि फॉस्फेट गट असलेला मेथाक्रिलेट १ ते ५ टक्के घालावा. त्याचे एक टोक धातूला आणि दुसरे जाळ्याला धरते. चिकटाई आयएसओ २४०९ किंवा एएसटीएम डी ३३५९ नुसार चौकडीचे काप घेऊन तपासावी, आणि ती कोरड्या थरावर एकदा व पाण्यात भिजवल्यावर पुन्हा एकदा तपासावी. दुसऱ्या वेळचा निकाल जास्त बोलका असतो.

गंजाबाबत सांगायचे तर तेलाच्या लांब साखळ्या पाणी दूर ठेवतात, हा त्यांचा स्वाभाविक गुण आहे. तरीही थर शेवटी एक अडसर आहे. त्यातून पाणी व ऑक्सिजन हळूहळू जातातच. ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यातली एएसटीएम बी ११७ परीक्षा दोन पाककृतींची तुलना करायला उपयोगी पडते, पण तिच्यातील तासांवरून समुद्रकाठी लेप किती वर्षे टिकेल हे काढता येत नाही. ग्राहकाला तसे आश्वासन देऊ नये.

१२. बाहेर लावल्यावर लेप पिवळा पडेल का?

हवेत सुकणाऱ्या जवसाच्या तेलापेक्षा कमी, कारण पिवळेपणाच्या मुळाशी असलेले दुहेरी बंध इपॉक्सिडीकरणात बव्हंशी संपलेले असतात. उरलेला पिवळेपणा अपुऱ्या इपॉक्सिडीकरणातून, अमाइनमधून किंवा सुगंधी आयसोसायनेटपासून केलेल्या युरेथेनमधून येतो. बाहेरच्या वापरासाठी अतिनील-शोषक घालावा लागतो, आणि तो क्युअरिंगच्याच प्रकाशावर हक्क सांगतो. म्हणून शोषक ३८० नॅनोमीटरच्या खाली शोषणारा आणि दिवा ३९५ किंवा ४०५ चा, अशी जोडी जमवावी.

१३. पांढरा किंवा काळा रंग मिसळता येतो का?

पांढऱ्यासाठी वापरतात तो रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइड ४०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचा प्रकाश शोषतो, काजळी तर सर्वच शोषते. त्यामुळे वर साय धरल्यासारखा कडक पापुद्रा येतो आणि खाली द्रव राहतो, मग थर सुरकुततो. ४०५ चा दिवा, दूरवर शोषणारा बिस-अ‍ॅसिलफॉस्फिन ऑक्साइड इनिशिएटर आणि पातळ थर, हे तिन्ही लागतात. काळा जाड थर एका फेरीत मिळवण्याचा हट्ट धरू नये; दोन-तीन पातळ थर द्यावेत.

१४. आमच्या लेपाला ‘शंभर टक्के जैव’ म्हणता येईल का?

बहुधा नाही, आणि हे हिशेबाने दाखवता येते. सोयाबीन तेलाच्या सरासरी रेणूत सुमारे ५७ कार्बन असतात. त्यावर ३.४ अ‍ॅक्रिलेट गट बसवले तर सुमारे १० कार्बन वाढतात आणि बाजारातील अ‍ॅक्रिलिक आम्ल मुख्यतः पेट्रोलियमचे असते. म्हणजे या बदललेल्या तेलातला, अर्थात राळेतला, जैव कार्बन साधारण ८५ टक्के. आता लेपात ही राळ ६० टक्के आणि उरलेला पातळकारक व इनिशिएटर पेट्रोलियमचे असतील, तर एकूण जैव वाटा ५१ टक्क्यांच्या आसपास येतो. हा आकडा कार्बन-१४ मोजणाऱ्या एएसटीएम डी ६८६६ पद्धतीने पडताळता येतो. ५१ टक्के ही लाजेची गोष्ट नाही. तोच आकडा डब्यावर छापावा.

१५. खेळणी किंवा खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हा लेप सुरक्षित आहे का?

तेल खाद्य होते म्हणून लेप खाद्य ठरत नाही. न जोडलेले मोनोमर आणि इनिशिएटरचे तुकडे थरातून झिरपू शकतात. २००५ साली इटलीत बाळांच्या दुधात आयटीएक्स हा छपाईच्या शाईतला फोटोइनिशिएटर सापडला आणि मोठ्या प्रमाणावर दूध परत घ्यावे लागले. शाई डब्याच्या बाहेरच्या बाजूला होती, तरी तो आत पोहोचला होता. अगदी इपॉक्सिडीकृत सोयाबीन तेलालाही युरोपात अन्नात झिरपण्याची मर्यादा आहे : किलोमागे ६० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांच्या अन्नासाठी ३०. अशा वापरासाठी मोठ्या रेणूंचे किंवा जाळ्यात स्वतःच जोडले जाणारे इनिशिएटर घ्यावेत आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून स्थलांतराची चाचणी करून घेतल्याशिवाय माल बाहेर पाठवू नये.

काम करणाऱ्यांनी नायट्राइल हातमोजे आणि अतिनील प्रकाश अडवणारा चष्मा वापरावा. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सोबत राहते.

१६. धुण्याच्या सोड्याने पुसल्यावर लेप पांढुरका झाला. बाकी सर्व परीक्षांत तो उत्तीर्ण होता.

तेलाचा कणा एस्टर बंधांचा आहे आणि अल्कली एस्टर तोडते. साबण याच क्रियेने बनतो. जाळे जितके घट्ट, तितकी अल्कली आत शिरायला वेळ लागतो, म्हणून प्रश्न ५ मधील उपायांनी सहनशक्ती वाढते, पण मूळ दुबळेपणा जात नाही. स्वयंपाकघरातील ओटा किंवा डेअरीतील उपकरणे यांसाठी केवळ तेलाधारित लेप देऊ नये. येथे नकार देणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

१७. बंद डब्यात, अंधारात ठेवलेले मिश्रण जेलीसारखे का झाले? आम्ही तर नायट्रोजन भरून डबा सील केला होता.

नायट्रोजनमुळेच. अ‍ॅक्रिलेटमध्ये साठवणीसाठी घातलेला हायड्रोक्विनोनचा मोनोमिथाइल इथर विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मदतीनेच काम करतो. प्रश्न ६ मध्ये जो ऑक्सिजन शत्रू होता, तो साठवणीत रक्षक असतो. डबा काठोकाठ भरू नये, वर हवेची जागा ठेवावी, आणि तापमान ३०-३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. विदर्भातील मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला पिंप याच कारणाने धोक्यात असतो, आणि पिंपात सुरू झालेली अभिक्रिया बरीच उष्णता सोडते. थायॉल किंवा इनिशिएटर मिसळलेले मिश्रण तर लागेल तेवढेच बनवावे.

१८. दिव्याऐवजी उन्हात क्युअर करता येईल का?

दुपारच्या उन्हात अतिनील भाग सुमारे ५ मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर असतो. १००० मिलिज्यूल मात्रा तीन-साडेतीन मिनिटांत जमते, पण प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे इतक्या मंद प्रकाशात ऑक्सिजनच जिंकतो. वर पारदर्शक फिल्म अंथरली किंवा योग्य इनिशिएटरसह धनायनी इपॉक्सी घेतली तर ऊन उपयोगी पडते. ढगांचा भरवसा नसल्यामुळे उत्पादनासाठी मी ते सुचवत नाही. दुरुस्तीच्या कामासाठी मात्र ते चांगले आहे.

१९. कोरीव लाकडाच्या खाचांत प्रकाश पोहोचत नाही. तेथे काय करावे?

प्रथम दिवे वेगवेगळ्या कोनांतून लावून किंवा वस्तू फिरवून पाहावे. तरीही खोल खाचा उरल्या तर दुहेरी क्युअरिंगचा विचार करावा, म्हणजे प्रकाशाने उघडा भाग लगेच घट्ट व्हावा आणि सावलीतला भाग दुसऱ्या क्रियेने सावकाश व्हावा. तेलाधारित लेपात यासाठी एक सोय आधीच आहे : इपॉक्सिडीकरण मुद्दाम अर्धवट ठेवले तर उरलेले नैसर्गिक दुहेरी बंध, थोड्या ड्रायरच्या मदतीने, जवसाच्या तेलासारखेच हवेत सुकतात. त्यासाठी पिवळेपणाची किंमत मोजावी लागते (प्रश्न १२), पण सागवानाच्या कोरीव कामावर ती सहसा डोळ्यांत येत नाही. अशी वस्तू दिव्याखालून निघाल्यावर किमान आठवडाभर मोकळ्या हवेत उभी ठेवावी आणि खाचेत कापसाचा बोळा दाबून, त्याला तंतू चिकटत नाहीत याची खात्री झाल्यावरच गुंडाळावी.